वाफाऱ्याची घोंगडी

मित्रांनो, माणूस खरा कसा आहे हे बघायचं असेल, तर त्याला सर्दी होऊ द्यावी आणि माझ्याखाली बसवावं. पुढ्यात वाफाळतं पातेलं, डोक्यावरून मी, आणि बाहेरचं कुणी बघत नाही अशी खात्री. एवढं जमलं की भल्याभल्यांचा रुबाब नाकातल्या पाण्याबरोबर उतरतो.

मी एक जुनी, काळी, जाडजूड घोंगडी आहे. पारनेर तालुक्यात, सुप्याच्या अलीकडच्या एका गावात, मालनबाईंच्या घरी राहते. गाव मला 'वाफाऱ्याची घोंगडी' म्हणतं. मला या नावाचा अभिमान आहे. मधे तो जरा खाली आला होता, त्याचीच ही हकिकत.

माझी लोकर काळ्या मेंढ्यांची. श्रीमंत नावाच्या विणकरानं मला खड्ड्याच्या मागावर विणलं. पाय खड्ड्यात, हात धोट्यावर आणि तोंड दिवसभर चालू, असा तो माणूस. त्यानं माझ्या सुताला चिंचोक्याची खळ लावली होती. चिंचेच्या बिया भिजवून, कुटून, शिजवून केलेली चिकट पेज म्हणजे ही खळ. तिच्यामुळं मी नवेपणी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. कुणी अंगावर घेतलं की टोचायची, आणि टोचण्याचा मला मोठा तोरा होता.

मालनबाईंच्या वडिलांनी लेकीच्या लग्नासाठी मला घेतलं, तेव्हा श्रीमंतनं बजावलं, "पाव्हणं, ऊन दाखवा, झटका, झाडा. पान्यात मातर घालू नगा. खळ गेली की घोंगडी गेली." त्यावर वडील म्हणाले, "पान्याची गरजच काय? लोकरीला इटाळ नसतो." ही दोन वाक्यं मालनबाई माझ्याबरोबरच सासरी घेऊन आल्या. लग्नातली पितळेची भांडी पुढं मोडीत गेली, वाक्यं मात्र टिकली.

सासरी मी सगळी कामं केली. कांद्याच्या राशीवर पडले, पाव्हण्यांच्या पायाखाली अंथरली गेले, मालनबाईंच्या तान्ह्या मुलाला, अजिनाथला गुंडाळून त्याला ओलं-कोरडं सांभाळलं. पण माझं नाव झालं ते घरधन्यांच्या घशामुळं.

सूर्यभानरावांचं काम शेतीचं, ओळख मात्र आवाजाची. पंचक्रोशीतल्या जत्रांत कुस्त्यांचा फड लागला की माईक त्यांच्या हातात. पैलवान कुणाचा, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, आजा कुठल्या डावाला नावाजलेला, हे सगळं त्यांना तोंडपाठ. आखाड्यात उतरलेलं पोर कितीही किडमिडं असो, सूर्यभानरावांनी त्याची ओळख करून दिली की बघणाऱ्याला ते दोन बोटं उंच दिसू लागे.

लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला ते इतके ओरडले, की दुसऱ्या दिवशी घशातून नुसती हवा येऊ लागली. मालनबाईंनी पातेल्यात पाणी उकळलं. त्यात अडुळशाची पानं, मूठभर तुळस, ओवा आणि निलगिरीचा पाला टाकला. वाफ कोंडायला घरातलं सगळ्यात जाड काय, तर मी. त्यांनी मला नवऱ्याच्या डोक्यावरून पांघरलं. घसा मोकळा झाला, आवाज आला, आणि ही बातमी गल्लीत माझ्याही आधी पोचली.

तेव्हापासून हवा पालटली की आमच्या ओट्यावर नाकं ओढणाऱ्यांची रीघ लागते. मालनबाई आधी कपाळाला हात लावतात. ताप चढता असेल, धाप लागत असेल, तर पातेलं चुलीवर चढतच नाही. "आधी सुप्याच्या डॉक्टरकडं जा, मग माज्याकडं ये," असं म्हणून वाटेला लावतात. साध्या सर्दी-खोकल्याला मात्र वाफारा, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि वरून काढा: अडुळसा, आलं, मिरी, चवीपुरता गूळ. अडुळसा असा कडू की शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. म्हणून तर लोक तो कुंपणाला लावतात. कुणी पेला बघून तोंड वाकडं केलं, की मालनबाई म्हणतात, "शेळीला अक्कल हाय, व्हय. पर शेळी खोकत बी न्हाई. पी गपचिप."

माझ्याखाली कोण कसं वागतं, याचा हिशेब माझ्याइतका कुणाकडे नाही. शेजारचा रामहरी वाफ घ्यायला बसतो आणि घोरायला लागतो; जागा असला तर तोंडातली तंबाखूसुद्धा थुंकत नाही. राधाकृष्ण जत्रा कमिटीचे अध्यक्ष, चौकात पोलीस पाटलालाही दोन शब्द सुनावणारे. पण पातेल्यावरचं झाकण निघालं की "आई गं, आई गं" करत मागं सरकतात आणि बाहेर आल्यावर म्हणतात, "आज वाफ जरा कमीच हुती." मनकर्णाआजींना तर सर्दी नसतेच. डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलंय, म्हणून त्या माझ्याखाली बसून कनवटीचा गूळ खातात. मी कधी कुणाचं बाहेर बोलले नाही. तसं मला विचारतंय तरी कोण!

पुढं पुढं लोक मला घरी नेऊ लागले. आज रामहरीकडं, उद्या राधाकृष्णांकडं. नेताना सगळे हात जोडून नेत, आणताना कुणी मला वाळवून आणी, कुणी ओलीच घडी करून ओट्यावर टाकून जाई. मालनबाई मला एकदा झटकायच्या आणि ट्रंकेत ठेवायच्या. पाणी नाही, साबण नाही. मीही खुशीत होते. इतक्या लोकांना बरं करणारी आपण, आपल्याला काय धाड भरलीय?

या वर्षी फाल्गुन सरता सरता हवा बिघडली. दुपारी ऊन भाजायचं आणि पहाटे अंगावर काही तरी ओढावं लागायचं. निम्मं गाव शिंकू लागलं. आणि जत्रा तोंडावर आलेली असताना सूर्यभानरावांचा आवाज बसला.

राधाकृष्ण चौकशीला आले. चौकशी एक घोट चहापुरती झाली, मग मूळ मुद्दा आला.

"सूर्यभानराव, तुमी आराम करा. कमिटीनं संगमनेरच्या रविराजला सांगून ठिवलंय. पोरगा झकास बोलतो. संगं सौंड शिस्टीम बी त्याची, मागनं गानी बी वाजिवतो."

सूर्यभानरावांच्या घशातून फाटक्या फडक्यासारखा आवाज निघाला. "कुस्तीत गानी?"

"आता लोकांना आवडतंय त्याला आमी काय करनार? तुमचा आवाज आला तर माईक तुमचाच. न्हाई आला तर..." राधाकृष्णांनी उरलेलं वाक्य चहाबरोबर गिळलं.

ते वाक्य घरात सगळ्यांना ऐकू आलं. माईकचं कसं असतं, एकदा हातातून गेला की पुढच्या जत्रेला लोक नव्या माणसालाच बोलावतात. त्या दिवशी सूर्यभानराव जेवले नाहीत. पातेल्यावर मात्र न सांगता बसले.

मालनबाईंनी त्यांना सुप्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. बाईंनी छाती तपासली, ती साफ होती. घसा मात्र सुजला होता. "वाफ घ्या, गुळण्या करा, तुमचा काढाही चालेल," त्या म्हणाल्या. "ताप आला, दम लागला, तर थांबू नका, लगेच या. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे बोलणं बंद. कुजबुजसुद्धा नको."

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची ओळख करून दिली, त्याला आता पाणी मागायलासुद्धा तांब्या वाजवावा लागू लागला. गल्लीला आयतीच करमणूक मिळाली. रामहरी मुद्दाम ओट्यावर येऊन बसायचा. "काय सूर्यभानतात्या, आज काय मत हाय राजकारनावर?" सूर्यभानराव त्याच्याकडं तांब्या उगारायचे. "ह्ये बेस हाय," रामहरी म्हणायचा, "आता तुमचं आमाला पटतंय."

औषध लागू पडत होतं. दोन दिवस बरे जायचे, खोकला उतरायचा. मग मी कुणाच्या तरी घरून परत यायची, सूर्यभानराव माझ्याखाली वाफ घ्यायचे, आणि संध्याकाळी खोकला पुन्हा पहिल्या पायरीवर. मालनबाईंनी अडुळसा वाढवला. मग आलं वाढवलं. मग शेजारणींच्या नजरेला दोष देऊन झाला.

अजिनाथची बायको स्नेहल सगळं बघत होती. ती सुप्याच्या एमआयडीसीत खाण्याच्या वस्तूंच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. डोक्याला जाळीची टोपी, हातात रोजचे नवे मोजे, शिंक आली तर लाईन सोडून बाहेर. सासूशी ती कधी वाद घालत नाही, पण बोलायचं ते ठेवूनही देत नाही.

"आत्या," ती म्हणाली, "एक सांगू का? मामांचा खोकला वाफारा घेतल्यावर वाढतोय."

"वाफाऱ्यानं? इतकी वर्सं झाली, कुनाचा वाढला का?"

"वाफाऱ्यानं न्हाई वो. घोंगडीनं. आजारी मानसं हिच्यात शिंकत्यात, खोकत्यात, आन तीच आपन मामांच्या तोंडावर घालतो."

मालनबाईंच्या हातातलं उलथनं थांबलं. माझा तर धागा न् धागा ताठ झाला.

"स्नेहल, लोकरीला इटाळ नसतो. माज्या बापाचं बोलनं हाय."

"इटाळाचं मला ठाव न्हाई. मी वासाचं बोलती."

"कसला वास?"

"तुमी कवा हिच्याखाली बसलाय का, आत्या?"

मालनबाईंनी आयुष्यात अनेकांना माझ्याखाली घातलं होतं, पण स्वतः कधीच बसल्या नव्हत्या. "मला सर्दी व्हायला सवड कुठाय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आज ते उत्तर त्यांनी दिलं नाही. पदर खोचला, पाट घेतला आणि म्हणाल्या, "ठिव पातेलं. बसते."

स्नेहलनं पातेल्यात नुसतं पाणी उकळलं.

"पाला कुठाय?"

"पाला न्हाई. पाल्याच्या वासात बाकीचं झाकून जातंय."

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा घाम फुटला. मालनबाई आत आल्या, वाफ माझ्या अंगाला लागली, आणि वर्षानुवर्षं धाग्याधाग्यांत जे मुरलं होतं ते सगळं हळूहळू सुटायला लागलं. मग आतून मालनबाईंचा स्वर आला.

"ह्यो रामहऱ्याचा तंबाखू."

बाहेर स्नेहलनं मान डोलावली.

"ह्यो राधाकृष्णाचा बाम. आख्खी डबी फासतो जनू."

सूर्यभानराव खाटेवर उठून बसले.

"आन ह्यो... गूळ? हिथं बसून गूळ कुनी खाल्ला गं? मनकर्णाकाकू! बघ म्हातारीला! तरीच तिची शुगर उतरंना!" मग बराच वेळ हुंगण्याचा आवाज. "आन ह्यो वास कसला, पावसाळ्यातल्या गोनपाटासारखा?"

"ओलीच घडी करून ठिवल्याचा," स्नेहल म्हणाली. "आत बुरशी धरली असंल."

मालनबाई खोकत बाहेर आल्या. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. "बया, बया! ह्याच्यात रामहऱ्या अजून बसलाय!"

सूर्यभानराव पोट धरून हसत होते, पण आवाज काढायची मनाई, म्हणून नुसतेच गदगद हलत होते. मालनबाई त्यांच्याकडं वळल्या. "आवो, रोज ह्याच्यात बसत हुता ना तुमी? मग एका शबुदानं बोलला का न्हाई?"

सूर्यभानरावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि सुप्याच्या दिशेनं हात केला.

आता यात सगळा दोष माझाच, असं डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या नाहीत. स्नेहलनं फोनवर विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "हवेचंही आहे, वयाचंही आहे. पण दहा जणांची घोंगडी न धुता अकराव्याच्या नाकावर, हे मात्र बंदच करा."

मालनबाई मला मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या. श्रीमंतनं घातलेली खळ, बापाचं वाक्य, लग्नातली वस्तू, सगळं त्यांच्या बोटांखाली होतं. मी मनात म्हणत होते, नका, पाण्यात घालू नका. खळ गेली की मी गेले. ओट्यावर आलेल्या मनकर्णाआजी तोंड चुकवत का होईना, पण म्हणाल्याच, "मालन, वाया जाईल गं घोंगडी."

मालनबाई उठल्या. "गेली तर गेली. घोंगडी दुसरी इनून मिळंल. ह्यांचा आवाज कोन इनून देनार?"

रिठे रात्रभर भिजत पडले. सकाळी पाण्याच्या टाकीजवळ मोठ्या टबात थंड पाणी ओतून, रिठ्यांचा फेस करून त्यांनी मला त्यात सोडलं. पिळलं नाही, आपटलं नाही, नुसतं पायांनी हळूहळू तुडवलं. पाणी काळं निघालं. दुसरं काळपट, तिसरं मातकट. कुठल्या पाण्यातून किती जणांच्या सर्द्या वाहून गेल्या, ते मला मोजता आलं नाही. मग गच्चीवर दोरीवर आडवी टाकून चैत्राचं ऊन दाखवलं. वाळल्यावर मालनबाईंनी मला गालाला लावून पाहिलं आणि चकित झाल्या. मी वीतभर आक्रसले होते. खळ गेली होती. टोचणंही गेलं होतं. मी मऊ झाले होते, आणि खरं सांगू, मला ते आवडलं.

इकडं सूर्यभानरावांचा वाफारा धुतलेल्या सुती चादरीखाली सुरू झाला. वापरली की चादर धुवायची, उन्हात टाकायची. गुळण्या, काढा, रात्री हळद-दूध, आणि तोंडाला कुलूप. त्यांनी स्वतःचा आवाज एकदाही तपासून पाहिला नाही. आहे की गेला, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

जत्रेच्या दिवशी सगळं घर फडाकडं गेलं. मालनबाई मात्र "घोंगडी उलटी करायचीय" असं म्हणून गच्चीवर थांबल्या. माझी तर दोन्ही अंगं कधीच वाळून झाली होती. पण त्यांच्या छातीत काय चाललंय, ते मी ओळखून होते.

गावाबाहेरच्या माळावरून कर्ण्याचा आवाज आला. "हॅलो, हॅलो, चेक, चेक." तो रविराज. मग कसलं तरी ढँणढँण गाणं. मालनबाईंनी माझं टोक मुठीत धरलं. गाणं थांबलं. माईक एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली. आणि मग काहीच नाही.

"राम राम, मंडळी."

आवाज खोल होता, किंचित खरबरीत, पण त्यांचाच होता. मालनबाईंच्या मुठीतलं माझं टोक सैल झालं. सूर्यभानरावांनी पहिल्या जोडीची ओळख सुरू केली: पैलवान कुणाचा, वस्ताद कोण, आजा कुठल्या डावाला प्रसिद्ध. ओरडणं नाही, घाई नाही. आणि मधेच, आज्याच्या डावापाशी, ठसका लागला.

अख्ख्या शिवारात तो ठसका घुमला. मालनबाईंनी डोळे मिटले.

कर्ण्यातून पाण्याचा घोट गेल्याचा आवाज आला. मग सूर्यभानराव म्हणाले, "घाबरू नगा मंडळी, गाडी पुन्यांदा लायनीवर हाय. कुस्ती लावायच्या आदी एक सूचना. आमच्या घरी वाफाऱ्याला येनाऱ्यांनी येताना आपापली चादर आनावी. धुतलेली आनावी. घरून आदेश हाय, आन त्या आदेशापुढं आपला कुठलाच डाव चालत न्हाई. हां, सोडा रं जोडी!"

माळावर हशा उसळला, हलगी कडाडली, आणि आवाज पुढं चालू राहिला, शेवटच्या कुस्तीपर्यंत.

"बया! सगळ्या तालुक्याला ऐकवलं की वो!" मालनबाई म्हणाल्या. तोंडावर पदर धरून त्या एकट्याच हसल्या. मग मला दोरीवरून काढलं, आणि कधी नव्हे ती, इतक्या उन्हात, अंगावर घेऊन घटकाभर तिथंच बसल्या.

आदेश मात्र पाळला गेला. रामहरी बायकोची चादर काखेत मारून येतो. राधाकृष्ण सत्काराच्या शाली घेऊन येतात. इतकी वर्षं कपाटात पडून होत्या, आता कुठं त्या कुणाच्या तरी उपयोगाला आल्या. त्यांनी पुढच्या जत्रेचा माईक सूर्यभानरावांनाच सांगून ठेवलाय. गाणी रविराजची, बोलणं सूर्यभानरावांचं, अशी तडजोड झालीय. मी आता वाफेला जात नाही. रोज सकाळी ऊन खाते, संध्याकाळी सूर्यभानरावांच्या गुडघ्यांवर असते, आणि पैलवानांच्या ओळखी मला कुणाहीपेक्षा आधी ऐकायला मिळतात.

मित्रांनो, काढा प्या, वाफ घ्या, पण ज्या कापडानं आणि भांड्यानं बरं व्हायचं त्यालाही आंघोळ घाला. चादर ज्याची त्याची असू द्या. उकळत्या पातेल्यापाशी एकट्यानं जाऊ नका, मोठं माणूस जवळ असू द्या. दम लागला तर घरगुती उपायांवर विसंबू नका, दवाखाना गाठा. आणि तुमच्या घरात एखादी जुनी घोंगडी ट्रंकेत घडी घालून ठेवलेली असेल, तर आज जरा तिला उन्हात काढा. आधी हुंगा, मग हसा, मग रिठे भिजत घाला. ती जाणार नाही. फार तर वीतभर आखूड होईल, आणि तेवढी तर माणसंही म्हातारपणी होतातच.